मोरसचा काळा दगड

माझी दादी साखरेला साखर म्हणत नसे. अब्बा रेशनच्या रांगेतून घरी आले की ती पडवीतूनच विचारी, "मोरस मिळाली का रे?" आम्ही पोरं हसायचो. मोरस म्हणजे काय, हे तिलाही सांगता येत नव्हतं. तिच्या सासूच्या तोंडी तो शब्द होता, म्हणून तिच्याही तोंडी आला. पुढे कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. करताना कळलं की मोरस म्हणजे मॉरिशस. त्या बेटावरून मुंबई बंदरात उतरणारी पांढरी, दाणेदार साखर ती मोरस साखर. स्वदेशीच्या चळवळीत तिच्यावर बहिष्कार घाला म्हणून सभा झाल्या. साखर यायची थांबली, पण शब्द आमच्या पडवीत राहून गेला.

आमच्या घरात त्या शब्दाला आणखी एक अर्थ होता. आजोबांचे एक चुलते "मोरसला गेले" असं सांगत. कधी गेले, कसे गेले, कुणाला ठाऊक नाही. परत आले नाहीत एवढंच ठाऊक. घरात कुणी रागानं बाहेर पडायला निघालं की दादी म्हणे, "जा, तूही जा मोरसला." मोरस म्हणजे ज्याला परतीची वाट नाही असं गाव, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं.

काही वर्षांपूर्वी कवितावाचनाच्या निमित्तानं मला आठ दिवस त्या गावाला जाता आलं. विमान खाली आलं तेव्हा खिडकीतून निळं पाणी, त्याभोवती पांढऱ्या फेसाची कड आणि मधोमध काळे, वेडेवाकडे डोंगर दिसले. आता मी चिपळूणकडचा माणूस. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला वाढलेला. ते डोंगर बघून मी शेजारच्या प्रवाशाला नकळत म्हणून गेलो, "अरे, हा तर आपला सह्याद्री!" तो बिचारा फ्रेंच असावा. हसला आणि पट्टा आवळून बसला.

श्रोतेहो, मी म्हटलं ते भाबडेपणानं म्हटलं होतं. पण परत येऊन वाचू लागलो तेव्हा कळलं की मी फारसा चुकलो नव्हतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला महाराष्ट्र पेटला होता. जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, एकावर एक थर साचले, आणि त्यातून दख्खनचं पठार आणि सह्याद्री तयार झाला. किल्ल्यांच्या कड्यांवर जे आडवे पट्टे दिसतात, ते हेच थर. एवढं शाळेत शिकवतात. शाळेत जे शिकवलं नव्हतं ते असं की, हा लाव्हा ज्या चुलीतून आला ती चूल आज महाराष्ट्राच्या खाली नाही. बहुतेक भूशास्त्रज्ञांचं मत आहे की ती मॉरिशसच्या शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. चूल साधारण जागच्या जागी राहिली, वरचा तवा सरकला. भारत ज्या कवचावर बसला आहे ते उत्तरेकडे निघालं होतं, आणि त्या काळी त्याचा वेग वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त होता. तवा सरकत गेला तसे चुलीचे चटके त्याला मागंमागं बसत गेले. दख्खननंतर लक्षद्वीप, मग मालदीव, मग चागोस. नकाशावर ही बेटं एका रेघेत उत्तर-दक्षिण ओळीनं उभी आहेत, ती उगीच नाही. पुढे त्याच चुलीवर दुसरा तवा, म्हणजे आफ्रिकेकडचं कवच आलं. त्यावर ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस उगवलं आणि अलीकडे, म्हणजे विस-पंचवीस लाख वर्षांमागं, रियुनियन. तिथला ज्वालामुखी आजही वरचेवर पेटतो. कुंभार्लीचा दगड आणि मोरसचा दगड एका चुलीतले. मधे पावणेसहा कोटींच्या आसपास वर्षं गेली, एवढाच काय तो फरक.

यातही एक गंमत आहे. २०१३ साली आणि पुन्हा २०१७ साली शास्त्रज्ञांना या कोवळ्या बेटावर झिरकॉन नावाच्या खनिजाचे अतिशय जुने कण सापडले. काहींचं वय जवळजवळ ३०० कोटी वर्षं निघालं. ऐंशी-नव्वद लाख वर्षांच्या बेटावर तीनशे कोटी वर्षांचा कण कुठून आला? त्यांचं म्हणणं असं की भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून फुटले तेव्हा मधला एक तुकडा समुद्रात बुडाला. लाव्हा त्याला भेदून वर आला तो त्याचे कण घेऊन आला. या बुडालेल्या तुकड्याला त्यांनी मॉरिशिया असं नाव दिलं. फाळणीत मधे सापडलेल्यांचं काय होतं, याचा माझ्या पिढीच्या घराघरांतून काही ना काही किस्सा आहे. दगडांचंही तसंच होतं, हे वाचून बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही.

बेटाचा आकार सांगतो. क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर. मुंबईच्या तिप्पट, पण आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहून कमी. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. सगळ्यांत उंच शिखर ८२८ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्मं. त्याचं फ्रेंच नाव इतकं लांबलचक आहे की ते उच्चारेपर्यंत माणूस चढून येईल. पण उंचीवर जाऊ नका. हे डोंगर सपाट उसाच्या शेतांतून एकदम उठतात, त्यामुळं आहेत त्याहून दुप्पट वाटतात. एकेकाळी इथं एकच प्रचंड ज्वालामुखी होता. तो मधोमध खचला आणि त्याच्या काठाचे तुकडे तेवढे उरले. पोर्ट लुईच्या मागची मोकाची रांग, आग्नेयेकडची ग्रां पोरची रांग, नैर्ऋत्येकडची ब्लॅक रिव्हर आणि सावानची रांग. फुटलेल्या मडक्याचा काठ जसा तीन ठिकाणी उभा राहावा तसं. मधल्या खोलगटात पुन्हापुन्हा लाव्हा साचून पठार झालं. त्या पठारावर क्युरपीप नावाचं गाव आहे आणि गावात, अगदी घरांच्या मधे, सुमारे तीनशे मीटर रुंदीचं ज्वालामुखीचं तोंड आहे. आता त्यात झाडी आहे, आणि काठावरच्या रस्त्यावर माणसं सकाळी फिरायला येतात.

डार्विन इथं १८३६ च्या एप्रिल-मे महिन्यांत आला होता. पोर्ट लुईच्या मागं अंगठ्यासारखा वर आलेला ल पूस नावाचा डोंगर आहे, तो त्यानं चढला. डोंगरांचे थर बाहेरच्या बाजूला उतरते आहेत आणि मध्य मोकळा आहे, हे त्यानं टिपलं. बेटावर एकुलता एक हत्ती होता, सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन लॉइडचा. त्या हत्तीवर बसून डार्विन हिंडला. पण मला त्याच्या लिखाणातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. रस्त्यावर काम करणारे हिंदुस्थानी कैदी त्यानं पाहिले. त्याच्या सांगण्याप्रमाणे ते तेव्हा सुमारे ८०० होते, जन्मठेपेचे. त्यांचे चेहरे, त्यांची चालण्याची ढब, त्यांचा भारदस्तपणा बघून तो चकित झाला. हे कैदी बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून पाठवलेले. म्हणजे उसाच्या मजुरांच्या आधी बेटावर दगड फोडायला जे गेले, त्यांतही आपल्याकडचे होते. त्यांनी डोंगर कापून रस्ते काढले. कैदी असल्यामुळं त्यांच्या नावाचा एकही रस्ता नाही.

आता वारा. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून कोकण भिजतं आणि घाटामागचा माणदेश कोरडा राहतो. मॉरिशसला बारा महिने आग्नेयेचा वारा. त्यामुळं पूर्व आणि मधलं पठार ओलं, तर डोंगराआडचा पश्चिम किनारा कोरडा. पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, पश्चिमेला जेमतेम ८००-९००. गाडीनं अर्धा तास उतरलात की पावसाळ्यातून उन्हाळ्यात. आणि आपला हिवाळा तो त्यांचा उन्हाळा, वादळांचा मोसम.

या वाऱ्यानं तिथला इतिहास घडवला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. अरब खलाशांना बेट ठाऊक होतं. १५०२ सालच्या एका पोर्तुगीज नकाशावर 'दीना अरोबी' असं नाव आहे. त्यातलं 'दीना' म्हणजे आपला द्वीप, असा एक तर्क आहे. मला तो आवडतो. खरा असेलच असं नाही. अरब वसले नाहीत. तिथं व्यापार करायला माणूसच नव्हता. डच १५९८ साली आले, त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव दिलं, १६३८ पासून वस्ती केली. त्यांचं बंदर आग्नेयेला, वाऱ्याच्या तोंडावर. तिथं जहाज आत सहज येई, पण बाहेर पडायचं तर वाऱ्याशी झुंज. एबनीची झाडं तोडून, डोडो पक्षी संपवून १७१० साली ते निघून गेले. एका डोंगराला मात्र त्यांच्या एका गव्हर्नर जनरलचं, पीटर बोथचं नाव राहिलं. तो १६१५ साली याच बेटाजवळ बुडून मेला. त्या डोंगराच्या टोकावर माणसाच्या डोक्यासारखा एक प्रचंड धोंडा तोलून ठेवल्यासारखा आहे. गावकरी सांगतात, तो एक गवळी आहे. डोंगरावर नाचणाऱ्या पऱ्या त्यानं पाहिल्या आणि कुणाला सांगू नको म्हटलं असताना सांगून टाकलं. म्हणून दगड झाला. कवीनं लक्षात ठेवावी अशी गोष्ट.

फ्रेंचांनी चूक सुधारली. १७३५ साली आलेला गव्हर्नर लाबूर्दोने यानं वाऱ्याच्या आडचं, डोंगरांनी पाठ राखलेलं पोर्ट लुई राजधानीचं केलं. १८१० च्या ऑगस्टमध्ये आग्नेयेच्या बंदरात इंग्रजांचा पराभव झाला. पॅरिसच्या विजयकमानीवर त्या लढाईचं नाव कोरलं आहे. मग इंग्रज शहाणे झाले. नोव्हेंबरअखेर हिंदुस्थानातल्या पलटणी बरोबर घेऊन ते उत्तरेच्या सपाट टोकाला उतरले, जिथं डोंगर नाही, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेट त्यांचं झालं.

डोंगर राज्यकर्त्यांना अडवतात, ते पळणाऱ्यांना आसरा देतात. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा ५५६ मीटरचा सरळसोट कडा समुद्रात घुसलेला आहे. आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम मळ्यांतून पळून त्याच्या गुहांत आणि माथ्यावर राहत. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. लोक सांगतात की ती बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे आले, वरच्यांना वाटलं पकडायलाच आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. याचा कागद नाही. पण १ फेब्रुवारीला आजही तिथं माणसं जमतात, आणि २००८ साली युनेस्कोनं हा डोंगर जागतिक वारसा म्हणून स्वीकारला. मी पायथ्याशी उभा राहिलो तेव्हा कड्याकडे फार वेळ बघवलं नाही.

गुलाम सुटले, मग मळ्यांत कोण? २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. छोटा नागपूरकडचे आदिवासी, पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कलकत्ता, मद्रास आणि मुंबईहून साडेचार लाखांवर माणसं गेली. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि साताऱ्याकडचे बरेच. बंदरातून वर येणाऱ्या १६ काळ्या पायऱ्या आजही आहेत. जागेचं नाव आप्रवासी घाट. आम्ही घाट म्हणजे डोंगराची वाट समजतो, त्यामुळं मला ते नाव वेगळंच ऐकू आलं. कुंभार्लीचा घाट उतरून बंदर गाठलेला माणूस समुद्र ओलांडून पुन्हा घाटच चढला.

आणि चढून वर आला तो कशात? दगडात. तिथल्या मैदानांवर नंतरच्या लाव्ह्याचे धोंडे पसरलेले. ऊस लावायचा तर आधी ते उचलायचे. बायकांनी, पोरांनी, पुरुषांनी ते हातांनी वेचले आणि शेतात ढीग रचले. आता यंत्रं आली, पण बरेच ढीग अजून उसात उभे आहेत. काही पायऱ्यापायऱ्यांचे, लहानशा पिरॅमिडसारखे. पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि कुणा प्राचीन संस्कृतीचे असतील म्हणून भाबडे तर्क लढवतात. मला तर ते आमच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतले दगडांचे ढीग वाटले. बांधाला लागून असतात ना, तसेच. ज्या दगडाला कंटाळून माणूस गाव सोडून गेला, तोच दगड सात समुद्रांपलीकडे त्याची वाट बघत होता.

मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदवह्या आहेत. नाव, बापाचं नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. पुढच्या काळातल्या काहींचे फोटोही. मी एक दुपार तिथं घालवली. आमच्या चुलत्यांचं नाव असं की मोहल्ल्यात हाक मारली तर चार जण ओ देतील. गावांची नावं इंग्रज कारकुनानं कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. जातीच्या रकान्यात आमच्यासाठी एकच शब्द, मुसलमान. पुढं कोकणातला की बिहारातला, काय बोलतो, काय जेवतो, त्याला जागा नाही. चुलते सापडले नाहीत. तिथल्या बाईंनी चहा दिला. म्हणाल्या, असे पुष्कळ येतात.

तो रकाना अजून मिटलेला नाही. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला, पण राज्यघटनेत माणसांचे चार गट आहेत: हिंदू, मुसलमान, चिनी आणि उरलेले सगळे. शुक्रवारी पोर्ट लुईच्या जुन्या जुम्मा मशिदीत नमाज पढून बाहेर आलो तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी उर्दूत विचारलं, "जनाब कुठले?" म्हटलं, "महाराष्ट्रातला. मी मराठीत लिहितो." ते गोंधळले. "पण आपण तर मुसलमान आहात. मराठी कसे?" त्यांच्या दृष्टीनं प्रश्न रास्त होता. तिथं मराठी म्हणजे विठोबाचं देऊळ, गणपतीची सार्वजनिक सुट्टी, आमच्या जाखडीतून निघालेला 'झाकरी' नाच. भाषा घराघरांतून क्रिओलनं खाल्ली, तेव्हा देवळानं नाव तेवढं सांभाळलं. हे मी समजू शकतो. पण मग माझ्या चुलत्यांचं काय झालं असेल? त्यांची नातवंडं, असलीच तर, मुसलमान म्हणून उरली असतील. मराठी म्हणून नाही. हा प्रश्न मला इथंही विचारतात, फक्त जरा वेगळ्या आवाजात. पोर्ट लुईच्या त्या गृहस्थांच्या आवाजात निदान कुतूहल होतं. मी त्यांना सांगितलं, "चाचा, आमच्याकडे दोन्ही असतात." त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि म्हणाले, "अच्छी बात है."

दगडाच्या त्या ओळीत मधे चागोस आहे, त्याबद्दल एक वाक्य बोललं पाहिजे. १९६५ साली इंग्रजांनी ती बेटं मॉरिशसपासून तोडली आणि १९६८ ते १९७३ च्या दरम्यान तिथली सगळी माणसं उचलून पोर्ट लुईच्या धक्क्यावर आणि सेशेल्सला नेऊन सोडली, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. २०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हे चूक होतं असं मत दिलं, २०२५ च्या मे महिन्यात बेटं परत देण्याच्या करारावर सह्याही झाल्या. मला पोर्ट लुईत एक चागोसवाल्या आजी दाखवल्या होत्या, बाकावर बसलेल्या. मी काही विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी आमचा गाडीवाला मुलगा मला कास्कावेलजवळ त्याच्या घरी जेवायला घेऊन गेला. आडनाव थेट आमच्या तालुक्यातलं, मराठी चार-पाच शब्दांची. घर सिमेंटचं, सपाट छताचं. १९६० च्या कॅरोल वादळात पत्र्यांची आणि गवताची घरं उडाली, तेव्हापासून सगळ्यांनी अशी बांधली. मागच्या दारी त्याची आई मसाला वाटत होत्या. काळ्या दगडाचा पाटा, टाकी लावलेला, काळाच वरवंटा. तिथं त्याला क्रिओलमध्ये 'रॉश कारी' म्हणतात, म्हणजे कालवणाचा दगड. मी विचारलं, "आणि हा वरचा?" त्या म्हणाल्या, "बाबा." बाबा म्हणजे क्रिओलमध्ये बाळ. पाटा आई आणि वरवंटा तिचं बाळ.

मला आमच्या शेजारच्या वाड्यातली बारशी आठवली. वरवंट्याला टोपडं-कुंची घालून पाळण्याखालून या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात देत, बाळ म्हणूनच. दादीला आमंत्रण असे, आणि मी तिच्या पदराला. घुगऱ्यांसाठी. मी हे त्या आईंना मोडक्यातोडक्या हिंदीत, हातवारे करून सांगितलं. त्यांना ती चाल ठाऊक नव्हती. मुलानं क्रिओलमध्ये पुन्हा समजावलं तेव्हा त्या खळखळून हसल्या, वरवंटा पाण्याखाली धरून धुतला, पदराला पुसला आणि माझ्या हातांत ठेवला.

चांगला जड होता.